आजीचे पिकलेले केस आणि थरांचा क्रम : बेळगावातील एका स्टुडिओचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका लहान ॲनिमेशन स्टुडिओकडे, सीमाभागात वाचनालये चालवणाऱ्या एका न्यासाचे काम आले. खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतील वाचनालयांत टचस्क्रीन बसवायचे आणि त्यावर एका आजीने मुलांना आपल्या परिसराची माहिती सांगायची, अशी ती कल्पना होती. मलप्रभा कणकुंबीला कशी उगम पावते, कदंबांची दुसरी राजधानी हलशीला का होती, बेळगावच्या किल्ल्यातले कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ साली रट्ट राजांच्या काळात कसे उभे राहिले, असे विषय मुलाने निवडायचे आणि आजीने त्याच्याकडे वळून मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलायचे.

मुलाने पडद्यावर बोट फिरवले की कॅमेरा आजीभोवती फिरतो, जवळ जातो, मागे येतो, आणि सोप्यावरचा उजेड सकाळचा किंवा संध्याकाळचा करता येतो. त्यामुळे आधी तयार करून ठेवलेला व्हिडिओ येथे उपयोगाचा नव्हता. प्रत्येक फ्रेम त्या त्या क्षणी काढणे भाग होते. न्यासाच्या खर्चात बसणारी यंत्रे मात्र साधी होती : वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेले छोटे संगणक आणि काही दूरच्या वाचनालयांसाठी अँड्रॉइड टॅबलेट. सेकंदाला ३० फ्रेम हे लक्ष्य ठरले होते. म्हणजे एका फ्रेमला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात, आणि सोपा, अंगण, लुगडे, चेहरा व ओठांच्या हालचाली हे सगळे भागवल्यावर केसांच्या वाट्याला त्यांतले पाच-सहाच उरत होते.

आजीचे पात्र स्टुडिओतील चित्रकार बाईंनी मन लावून घडवले होते. इरकली लुगडे, जाड भिंगांचा चष्मा, मानेवर बुचडा, आणि पूर्ण पांढरे नव्हेत तर काळ्या-पांढऱ्या मिसळीचे केस. कपाळावर, कानशिलांवर आणि मानेशी सुटलेल्या बारीक बटा. मागे परसदाराच्या उघड्या दारातून येणारा कोवळा उजेड. हे सगळे तयार होऊन आजी बोलू लागली, तेव्हा मला तांत्रिक सल्ल्यासाठी बोलावण्यात आले.

अडचण

स्थिर चित्रात आजी सुरेख दिसत होती. तिने मान वळवायला सुरुवात केली की तीन गोष्टी खटकत. कानामागची एखादी बट एका फ्रेममध्ये अचानक कानापुढे येई आणि पुढच्या काही फ्रेमांत परत मागे जाई. कपाळावरच्या पांढऱ्या बटांभोवती काळसर कड दिसे आणि मागे उजेड असला की ती अधिकच उठून येई. आणि चष्म्याच्या भिंगातून पाहिले असता कानशिलावरचे केस काही कोनांतून नाहीसे होत.

स्टुडिओतील मंडळींनी आधी केसांच्या टेक्स्चरचे, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राचे, रिझोल्यूशन वाढवून पाहिले होते. त्याने कड थोडी बारीक झाली, पण बटांचे पुढेमागे होणे तसेच राहिले, कारण तो दोष टेक्स्चरमधला नव्हताच. हे तिन्ही दोष एकाच कारणाचे आहेत असे सर्वांनी धरले होते. ते वेगवेगळे करणे हे या प्रकरणातले पहिले खरे काम ठरले.

केस पारदर्शक असतो म्हणजे काय

येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय या मुद्द्यावर उभे आहेत.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि एका केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. कॅमेऱ्याचा उभा दृश्यकोन ३० अंशांचा, आजी एक मीटर अंतरावर आणि पडदा १०८० ओळींचा धरला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला आजीच्या चेहऱ्याचा सुमारे अर्धा मिलिमीटर येतो. ०.०८ मिलिमीटर जाडीचा केस त्या पिक्सेलचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. ग्राफिक्समध्ये केसाला आपण जी पारदर्शकता देतो ती बहुतांशी हीच असते. केसाच्या आरपार दिसते असे नसून पिक्सेलचा उरलेला भाग मोकळा असतो, आणि त्या मोकळ्या भागातून मागचे दिसते. पिक्सेलचा किती भाग झाकला गेला, या प्रमाणाला अल्फा म्हणतात. एका केसाचा अल्फा ०.१६ धरला तर एकामागे एक असे चार केस मिळून पिक्सेल निम्मा झाकतात आणि दहा केस मिळून सुमारे ८२ टक्के.

प्रत्येक केस वेगळा काढणे या यंत्रांना झेपणारे नव्हते. म्हणून खेळांच्या क्षेत्रात रुळलेल्या पद्धतीप्रमाणे हेअर कार्ड वापरले होते : अरुंद, किंचित वळवलेल्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर अनेक केसांचे अल्फासहित टेक्स्चर. आजीच्या डोक्यावर अशा पट्ट्या थरावर थर बसवलेल्या होत्या.

अपारदर्शक वस्तूंच्या बाबतीत कोणती पुढे आणि कोणती मागे हा प्रश्न डेप्थ बफर सोडवतो. तो प्रत्येक पिक्सेलसाठी सर्वांत जवळच्या पृष्ठभागाचे अंतर साठवतो आणि त्यामागचे सर्व काही नाकारतो. अर्धवट झाकणाऱ्या थरांना हा नियम लागू करता येत नाही, कारण तेथे मागचे थरही दिसायला हवे असतात. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका थरावर दुसरा थर चढवण्याचे जे गणित मांडले, ते आजही सर्वत्र वापरले जाते. पण त्या गणितात क्रम बदलला की उत्तर बदलते. समजा, उजेडातल्या पांढऱ्या केसांची उजळता ०.९, सावलीतल्या काळसर केसांची ०.२ आणि मागच्या भिंतीची ०.४ आहे, आणि दोन्ही थरांचा अल्फा ०.५ आहे. पांढरा थर पुढे असेल तर पिक्सेलची उजळता ०.६० येते. काळसर थर पुढे असेल तर ती ०.४२५ येते. दोन्ही थर एकाच उजळतेचे असते, तर क्रम कसाही लावला तरी उत्तर एकच आले असते.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रम चुकल्याची शिक्षा थरांच्या संख्येपेक्षा थरांमधल्या उजळतेच्या फरकावर अधिक अवलंबून असते. एकसारख्या काळ्या केसांच्या पात्रात जी चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, तीच अर्धवट पिकलेल्या केसांत, तेही पाठीमागून उजेड येत असताना, डोळ्यांत भरते. या आजीच्या बाबतीत दोन्ही परिस्थिती एकत्र आल्या होत्या.

दोष वेगळे कसे केले

प्रत्येक पट्टीला एक सपाट, भडक आणि शेजारच्या पट्टीहून वेगळा रंग दिला, सगळीकडे अल्फा ०.५ ठेवला, प्रकाशयोजना बंद केली आणि आजीची मान सावकाश फिरवली. क्रम जेथे उलटत होता तेथे रंगांची अदलाबदल स्पष्ट दिसू लागली. कानामागच्या दोष असलेल्या जागी, पट्ट्यांचे वेगवेगळे गट करून प्रत्येक गट स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवलेला होता. गेम इंजिन, म्हणजे दृश्य प्रत्यक्ष काढणारे सॉफ्टवेअर, पारदर्शक वस्तूंचा क्रम साधारणपणे त्यांच्या मध्यबिंदूच्या अंतरावरून लावते. एकमेकांत गुंतलेल्या दोन बटांचे मध्यबिंदू मान वळताना कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आले की त्यांचा क्रम उलटे. पुढेमागे होणाऱ्या बटांचा उलगडा येथे झाला.

काळसर कडेचा या क्रमाशी संबंध नव्हता. टेक्स्चरमध्ये जेथे केस नाहीत तेथे अल्फा शून्य होता, पण रंग काळा भरलेला होता. टेक्स्चर लहान आकारात दाखवताना शेजारचे ठिपके एकत्र केले जातात, तेव्हा तो न दिसणारा काळा रंग पांढऱ्या केसाच्या कडेत मिसळत असे. काळ्या केसांच्या पात्रात हा दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतो.

चष्म्याचा दोष तिसराच होता. भिंगे पारदर्शक वस्तू म्हणून काढली जात होती आणि स्वतःचे अंतर डेप्थ बफरमध्ये लिहीतही होती. भिंग आधी काढले गेले की त्यामागचे केस नाकारले जात.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय अल्फा टेस्टचा होता. ठरावीक मर्यादेच्या वर अल्फा असेल तर तो ठिपका पूर्ण अपारदर्शक काढायचा, नसेल तर टाकून द्यायचा. क्रमाचा प्रश्नच उरत नाही. पण पिक्सेलच्या सहाव्या भागाएवढ्या केसाला या नियमात जागा नाही : तो एक तर पूर्ण जाड होतो किंवा पूर्ण जातो. आजीच्या कपाळावरच्या बटा तारेच्या तुकड्यांसारख्या दिसू लागल्या आणि कॅमेरा मागे गेल्यावर विरळ होत गेल्या.

त्याच्या जवळचा, पण बराच चांगला पर्याय अल्फा-टू-कव्हरेज हा होता. पिक्सेलमध्ये चार नमुने घेणारे मल्टिसॅम्पलिंग असेल, तर अल्फाच्या प्रमाणात त्यांतले काही नमुने झाकले जातात आणि डेप्थ बफरही नमुन्यागणिक बरोबर काम करतो. क्रम लावावा लागत नाही. मर्यादा अशी की चार नमुन्यांतून पाचच पायऱ्या मिळतात : शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. टॅबलेटमधील, पडद्याचे लहान चौकोन (टाइल) करून एकेक चौकोन काढणाऱ्या ग्राफिक्स चिपमध्ये हे नमुने चिपवरच्याच स्मृतीत राहतात, म्हणून तेथे हा मार्ग स्वस्त पडतो.

दुसऱ्या टोकाला प्रत्येक पिक्सेलमधील सर्व थर साठवून मग ते अंतराप्रमाणे लावण्याची पद्धत होती. पिक्सेलगणिक लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीत पुढचीचा पत्ता असलेल्या नोंदींची साखळी, ठेवून हे ग्राफिक्स चिपवर कसे करता येते, हे २०१० साली मांडले गेले आहे. उत्तर अचूक येते, म्हणून स्टुडिओतील तरुण प्रोग्रामरचा याकडे ओढा होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. सरासरी आठ थर आणि प्रत्येक थराला रंग, अंतर व पुढच्या नोंदीचा पत्ता मिळून १२ बाइट. म्हणजे केसांनी पडदा भरला तर एका फ्रेमला सुमारे २० कोटी बाइट. ते एकदा लिहून एकदा वाचायचे आणि हे सेकंदाला ३० वेळा करायचे, तर सेकंदाला १२ गिगाबाइटची ये-जा होते. त्या संगणकांत एकच चॅनेल असलेली डीडीआर४-२४०० स्मृती होती, तिची कमाल क्षमताच सेकंदाला १९.२ गिगाबाइट, आणि तीही प्रोसेसरशी वाटून घ्यायची. केसांनी पाव पडदाच व्यापला तर हा भार सोसवेल. पण मुले बोटाने कॅमेरा थेट आजीच्या कपाळाशी नेणार, हे गृहीत धरणे आवश्यक होते. एकेक थर सोलत जाण्याच्या डेप्थ पीलिंगमध्ये थरागणिक सगळे केस पुन्हा काढावे लागतात. तो विचार लवकरच सोडला.

यादृच्छिक पारदर्शकतेची पद्धत, जी एंडरटन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडली, तिच्यात अल्फाच्या प्रमाणात नशिबाचे फासे टाकून ठिपका ठेवायचा की टाकायचा हे ठरते. सरासरीने उत्तर बरोबर येते, पण नमुने कमी असले की दाणेदारपणा येतो. तो मागील फ्रेमांच्या सरासरीने लपवावा, तर मान वळताना केसांची पुसट सावली मागे रेंगाळते.

उरला होता मॉर्गन मॅग्वायर आणि लुई बावॉइल यांनी २०१३ साली मांडलेला भारित सरासरीचा मार्ग. प्रत्येक थराच्या रंगाला त्याच्या अंतरावरून ठरवलेले वजन द्यायचे आणि सर्वांची बेरीज करायची. बेरजेला क्रम लागत नाही. स्मृती थोडी लागते, एकाच फेरीत काम होते, बटांचे पुढेमागे होणे पूर्ण थांबते. पहिल्या चाचणीत सर्वांना हाच निर्णय पक्का वाटला.

पहिला निर्णय : सरासरी की क्रम

न्यासाच्या एक कार्यकर्त्या बाई खानापूर तालुक्यातील वाचनालयात येणाऱ्या काही वयस्क बायकांना घेऊन चाचणी पाहायला आल्या. त्यांच्यातील एक आज्जी पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, “केसांस्नी राख फासल्यागत दिसतंय की हे.” तांत्रिक भाषेत सांगायला आम्हाला दोन परिच्छेद लागले असते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. भारित सरासरीत वजन अंतरावरून ठरते, आणि डोक्यावरचे केसांचे थर एकमेकांपासून काही मिलिमीटरच दूर असतात, त्यामुळे त्यांची वजने जवळजवळ सारखी येतात. पुढचा पांढरा आणि मागचा काळा, किंवा पुढचा काळा आणि मागचा पांढरा, दोन्हींचे उत्तर एकच करडे येते. पिकलेल्या केसांचा जिवंतपणा काळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर काळा असा वेगळा दिसण्यात असतो आणि नेमके तेच पुसले जात होते.

याच वेळी प्रकाशयोजनेचा प्रश्न समोर आला आणि तो क्रमाशी किती घट्ट बांधलेला आहे हे स्पष्ट झाले. स्टुडिओने केसांच्या चकाकीसाठी काजिया आणि के यांनी १९८९ साली दिलेले सूत्र वापरले होते, ज्यात पृष्ठभागाच्या लंबाऐवजी केसाची दिशा धरून चकाकी काढली जाते. पाठीमागून येणारा उजेड पांढऱ्या केसांतून आरपार येऊन जी कड उजळते, ती या सूत्रात नाही. मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली केसावरील प्रकाशाचे तीन मार्ग वेगळे मांडले : पृष्ठभागावरून परतणारा, केसाच्या आत शिरून पलीकडे निघणारा, आणि आत शिरून मागच्या भिंतीवरून परतून बाहेर येणारा. काळ्या केसातले मेलॅनिन हे रंगद्रव्य दुसऱ्या मार्गाचा बहुतेक प्रकाश शोषून घेते. पांढऱ्या केसात मेलॅनिन जवळजवळ नसते, म्हणून तोच मार्ग प्रबळ होतो. आजीला परसदाराच्या उजेडात बसवायचे तर हा दुसरा मार्ग जोडणे अपरिहार्य होते. तो जोडला आणि मुळांजवळ सावली गडद केली, तेव्हा आजीचे केस प्रथमच खरे वाटले. पण थरांतल्या उजळतेचा फरकही वाढला, म्हणजे क्रमाची प्रत्येक चूक आता अधिक दिसणार होती. प्रकाशयोजना एका माणसाने आणि पारदर्शकता दुसऱ्याने, वेगवेगळ्या वेळी ठरवण्याची रीत या कामात चालू शकत नाही, असे माझे ठाम मत येथे बनले.

भारित सरासरीचा मार्ग सोडला आणि क्रमाकडे वळलो. आधार होता थॉर्स्टन शॉयरमन यांनी २००४ साली मांडलेल्या युक्तीचा. डोके हा साधारणतः फुगीर आकार आहे. बाहेरून कोठूनही पाहिले तरी टाळूजवळचा थर मागे आणि बाहेरचा थर पुढे असतो. म्हणून पट्ट्यांचा क्रम प्रत्येक फ्रेमला नव्याने न लावता, पात्र तयार करतानाच आतून बाहेर असा एकदा लावून ठेवला, तर बहुतेक कोनांतून तो बरोबर ठरतो.

दुसरा निर्णय : पदर

स्टुडिओतील कन्नड भाषक प्रोग्रामरने मध्येच सुचवले, “सर, अज्जी डोक्यावर पदर घेऊ दे की. मागचं सगळं झाकतंय.” तांत्रिकदृष्ट्या सूचना उत्तम होती. पदर अपारदर्शक असतो, बुचडा आणि कानामागच्या अवघड बटा त्याखाली जातात, कपाळावरची किनारच तेवढी उरते. चित्रकार बाईंचा याला विरोध होता. आपल्याच घरात, आपल्याच नातवंडांशी बोलताना आजीचा पदर खांद्यावर असतो, डोक्यावर नसतो, आणि यंत्राच्या सोयीसाठी तिला पाहुण्यासमोर बसल्यासारखी बसवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचनालयातल्या बायकांना विचारल्यावर मार्ग निघाला. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना आजी पदर घेणारच. सकाळी सोप्यावर बसली असताना घेणार नाही. संध्याकाळच्या सर्व दृश्यांत पदर आला आणि तेथले केसांचे काम सहज झाले. सकाळच्या दृश्यांसाठी पूर्ण यंत्रणा राखून ठेवली. पदराचा पर्याय सुरुवातीला अडचण झाकण्याचा उपाय म्हणून आला होता, पण माणसांना विचारल्यामुळे तो पात्राच्या वागण्याचा भाग झाला.

प्रत्यक्ष काम

केस तीन भागांत विभागले. बुचडा आणि डोक्याला चिकटलेले दाट केस यांचा गाभा अल्फा टेस्टने अपारदर्शक काढून डेप्थ बफरमध्ये लिहिला. त्यामुळे डोक्याच्या पलीकडच्या बाजूच्या पट्ट्या आपोआप नाकारल्या जाऊ लागल्या आणि पुढचे काम हलके झाले. मधल्या थराला अल्फा-टू-कव्हरेज दिले. कपाळ, कानशिले आणि मान येथील सुट्या बटाच तेवढ्या खऱ्या अर्थाने थरावर थर चढवून, क्रमाने काढायच्या ठेवल्या. अशा रीतीने जेथे डोळा खरोखर थबकतो त्या थोड्या पट्ट्यांपुरताच क्रमाचा प्रश्न उरला.

त्या पट्ट्याही एकाच वस्तूत एकत्र केल्या, म्हणजे इंजिनने मध्यबिंदूवरून त्यांची उलथापालथ करण्याचा प्रश्न मिटला. सुट्या बटांच्या बाबतीत डोके फुगीर असल्याचा आधार पूर्ण पुरत नाही, कारण कानावरून पुढे आलेली बट एका बाजूने पाहता पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे असते. म्हणून समोर, डावी आणि उजवी अशा तीन दिशांसाठी तीन क्रम आधीच तयार करून ठेवले आणि डोक्याच्या संदर्भात कॅमेरा कोठे आहे त्यावरून त्यांतला एक निवडला. सीमेवर क्रम सारखा बदलत राहू नये म्हणून जाण्याचा आणि परतण्याचा कोन वेगळा ठेवला. ज्या बटा या बदलाच्या वेळी एकमेकींवर येत, त्यांची उजळता चित्रकार बाईंनी जवळजवळ सारखी केली. येथे आधीचे साधे गणित उपयोगी पडले : उजळता सारखी असेल तर क्रम बदलला तरी पिक्सेल बदलत नाही.

टेक्स्चरमध्ये केसांचा रंग मोकळ्या जागेत बाहेरवर पसरवला आणि रंग आधीच अल्फाने गुणून ठेवण्याची पद्धत घेतली. काळी कड गेली. दुरून दाखवण्यासाठी टेक्स्चरच्या ज्या लहान आकाराच्या प्रती ठेवतात, त्यांच्यात अल्फा टेस्टला उतरणारा भाग घटत जातो आणि दुरून टक्कल पडल्याचा भास होतो. त्यावर इग्नासिओ कास्तान्यो यांनी २०१० साली सांगितलेला उपाय केला : प्रत्येक प्रतीतला अल्फा एवढा वाढवायचा की झाकलेल्या भागाचे प्रमाण मूळ प्रतीएवढेच राहील.

चष्म्यासाठी भिंगाला पारदर्शक वस्तू मानणेच सोडले. १.५ अपवर्तनांकाच्या काचेच्या एका पृष्ठभागावरून समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा ४ टक्केच भाग परततो. बाकीचा जवळजवळ सगळा पलीकडे जातो. म्हणून भिंगाची चकाकीच तेवढी शेवटी वरून मिळवली. बेरजेला क्रम नसल्यामुळे केस आधी की भिंग आधी हा वाद संपला. भिंगावरून पुढे येणाऱ्या एक-दोन बटा चित्रकार बाईंनी भुवईच्या वरच थांबवल्या. भिंगामुळे डोळे मोठे दिसण्याचा परिणाम डोळ्यांच्या आकारातच किंचित वाढ करून साधला.

टॅबलेटवर सुट्या बटांनाही अल्फा-टू-कव्हरेजच दिले. पाच पायऱ्यांची मर्यादा तेथे लहान पडद्यावर कमी जाणवते.

निष्पत्ती

छोट्या संगणकांवर सेकंदाला ३० फ्रेमचे लक्ष्य, कॅमेरा कपाळाशी नेला तरी, टिकले. बटांचे पुढेमागे होणे थांबले. जवळून पाहणाऱ्या सवयीच्या डोळ्याला क्रम बदलण्याच्या कोनावर, मान वेगाने वळली तर, डाव्या कानाशी एक सूक्ष्म हालचाल अजून दिसते. ती न्यासाला सांगून तशीच ठेवली आहे. टॅबलेटवर कपाळावरच्या बटा संगणकाच्या मानाने खरखरीत दिसतात. चाचणीला आलेल्या बायका पुन्हा आल्या, तेव्हा त्यांचे बोलणे केसांवर न राहता आजीच्या इरकलीच्या काठाकडे आणि तिच्या मराठीत येणाऱ्या कानडी शब्दांकडे वळले. केसांकडे कोणी लक्ष दिले नाही, ही मी या कामाची खरी पावती मानतो.

वेगळे काय करता आले असते

कॅमेरा किती अंशांत फिरणार आणि किती जवळ जाणार हे केस घडवण्याआधी ठरायला हवे होते. आजी प्रेक्षकाकडे पाठ कधीच करत नाही, हे आधी ठरले असते तर तीन दिशांच्या क्रमाचा विचार पहिल्या आठवड्यातच झाला असता आणि मागच्या बाजूच्या पट्ट्यांवर खर्च झालेली चित्रकार बाईंची मेहनत कपाळावरच्या बटांवर लागली असती.

पात्राची तपासणी स्टुडिओत करड्या पार्श्वभूमीवर होत होती. केसांची सरासरी उजळता आणि पार्श्वभूमीची उजळता जवळजवळ सारखी असल्यामुळे काळी कड तेथे सहज नजरेत भरत नव्हती. अर्धपारदर्शक केसांचे कोणतेही पात्र पहिल्या दिवसापासून तीन पार्श्वभूमींवर तपासावे : गडद, उजळ, आणि प्रत्यक्ष दृश्यातील पाठीमागचा उजेड. भडक रंगांच्या पट्ट्यांची चाचणीही त्याच वेळी करावी. तिला अर्धा तास पुरतो.

भारित सरासरीच्या मार्गाविषयी मात्र माझे मत नकारात्मक नाही. धूर, धुके, काचेची भांडी अशा, थर एकमेकांपासून दूर असलेल्या वस्तूंना तो उत्तम लागू पडतो, आणि आजीच्या चुलीच्या धुरासाठी आम्ही तोच ठेवला. धूर केसांच्या आधी काढला जातो आणि दृश्यरचनाच अशी केली आहे की तो नेहमी आजीच्या मागे राहतो.

न्यासाला आता आजीसोबत तिची नात हवी आहे : तेल लावून चापून बसवलेले काळेभोर केस, मधोमध भांग, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. येथे थरांमध्ये उजळतेचा फरक थोडा आहे आणि सुट्या बटा नाहीतच, त्यामुळे संगणक आणि टॅबलेट दोन्हींवर अल्फा-टू-कव्हरेज पुरेल असा माझा सल्ला आहे. अडचण आली तर ती केसांत येणार नाही, नायलॉनच्या त्या अर्धपारदर्शक रिबिनींत येईल, आणि म्हणून चित्रकार बाईंना रिबिनी सुती कापडाच्या करता येतील का, हे आधीच विचारून ठेवले आहे.